नवीन एरोबॅटिक बायप्लेन घेतलं, शेतावर सुरक्षित उडवायला कसं शिकू?

आर्वीचा_वावरवाला

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि आरसी, म्हणजे रिमोटच्या विमानांचा नाद आहे. फोमचं हाय-विंग ट्रेनर (वर पंख असलेलं, शिकायचं विमान) गेल्या हिवाळ्यापासून उडवतो, सर्किट, आठचा आकडा, लँडिंग सगळं बरं जमते. आता जे मनात होतं ते घेतलं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं बायप्लेन, पिट्स स्पेशल या खऱ्या कसरतीच्या विमानाच्या आकाराचं, लाल-पांढरं. पंख टोकापासून टोकापर्यंत १२० सेंमी, ४एसची (चार सेलची) बॅटरी, बॅटरीसकट वजन पावणेदोन किलो भरते. जोडून झालं, पण उडवलं नाही अजून.

सिम्युलेटरवर (पिकासिम) असंच बायप्लेन घेऊन पाहतो त लूप होते, रोल होते, पण लँडिंगले आलं का शेवटच्या दहा-पंधरा फुटांवर नाक टाकते आणि आपटते. ट्रेनरवर जे करतो तेच करतो, थ्रॉटल बंद करतो आणि तरंगत आणतो. मंग हे काऊन असं करते?

दुसरं जागेचं. दोन जागा आहेत. एक आमचंच वावर, सोयाबीन निघालं, हरभरा पेरला नाही, दोन एकर मोकळं आहे, पण काळी माती, पूर्वेले शेजाऱ्याची तूर उभी, उत्तरेकडून ११ केव्हीची लाईन गेली आणि धुऱ्याले लागून विहीर, कठडा नाही. दुसरी म्हणजे पाझर तलावाच्या वरचं बरड, मुरमाड आहे, सपाट आहे, पण तिथं गुरं चरतात आणि गावातले पोरं विमान दिसलं का धावत येतात.

जाणकारांनी मोकळेपणानं सांगा. घाई नाही, विमान आणि माणसं दोन्ही सांभाळून शिकायचं आहे.

बरडावरचा

अभिनंदन भाऊ, पिट्सचा आकार म्हणजे आकार, आकाशात दिसतो तेव्हा जीव खुश होतो. मी दिग्रसकडचा, बायप्लेनच उडवतो बरीच वर्षं, म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन वाच.

आधी तुझ्या सिम्युलेटरचा प्रश्न, कारण सगळं तिथंच आहे. तुझं ट्रेनर हलकं, एकच लांब पंख, थ्रॉटल बंद केला तरी तरंगत येतं. बायप्लेनला दोन पंख, मधे खांब म्हणजे स्ट्रट, तारा असतील तर तारा, पुढं जाड गोल नाक, खाली चाकं उघडी. हे सगळं हवेला अडवतं. थ्रॉटल पूर्ण ओढला की समोर फिरणारा तेरा इंची प्रॉप पण ब्रेकचं काम करतो. चढावर सायकलचं पायडल मारणं थांबवलं तर जसं होतं तसं होतं, वेग दोन सेकंदात मरतो. वेग मेला की तू एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) ओढतोस नाक वर ठेवायला, त्यानं अजून वेग मरतो, आणि मग पंख हवा सोडतात, स्टॉल. सिममध्ये दहा-पंधरा फुटांवर जे होतंय ते हेच आहे. इलाज सोपा आहे पण हाताला सवय लागायला वेळ जातो: बायप्लेन जमिनीपर्यंत थ्रॉटलवर आणायचं. उतरतानाचा कोन थ्रॉटलनं ठरवायचा, वेग एलेव्हेटरनं. चाकं टेकली, मग थ्रॉटल शून्य. सिमवर आठवडाभर लूप-बिप सगळं सोड, फक्त लँडिंग कर, आणि प्रत्येक लँडिंगला टेकेपर्यंत थ्रॉटलची काडी (स्टिक) चतुर्थांशाच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवून बस. बघ नाक टाकणं बंद होतं का नाही.

जागा बरडाचीच घे. काळ्या मातीत जानेवारीनंतर भेगा पडायला लागतात, पिट्सची चाकं लहान आणि जवळजवळ, एक चाक भेगेत गेलं की विमान नाकावर, प्रॉप तुटला, मोटारीचा शाफ्ट वाकला. वखरलेलं वावर तर अजूनच वाईट, ढेकळं. शिवाय तुझ्या वावरात लाईन आहे आणि तूर आहे. तूर म्हणजे माणसाच्या वर जाते, त्यात विमान पडलं तर दहा पावलांवरून दिसत नाही, वर शोधायला गेलास की शेजाऱ्याचं पीक तुडवलं जातं, भांडण वेगळं. लाईनचं तर बोलायलाच नको, तारेवर विमान अडकलं तर काठी, बांबू, कायच न्यायचं नाही तिथं, लाईनमनला फोन करायचा आणि विमान गेलं समजायचं.

आता विमानाची तयारी. सगळ्यात आधी सीजी, म्हणजे तोल. मॅन्युअलमध्ये मिलीमीटरमध्ये दिलेला असतो, पण बायप्लेनमध्ये तो बहुतेक वेळा वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजलेला असतो, खालचा पंख मागं असतो त्यामुळे नीट वाचून घे कोणत्या पंखापासून ते. बॅटरी आत बसवून, जशी उडवताना असणार तशीच, मग तोल बघायचा. पहिल्या उड्डाणांना दिलेल्या रेंजच्या पुढच्या टोकाला ठेव, म्हणजे नाक जरा जड. शेपूट जड असलेलं बायप्लेन हातात राहत नाही, एलेव्हेटरला हात लावला की उड्या मारतं, आणि पिट्सचं शेपूट आधीच पंखांच्या जवळ, लांबी कमी, त्यामुळे सगळं भराभर होतं.

रेट लो ठेव, म्हणजे काडी पूर्ण नेली तरी पट्ट्या कमी हलतील, एक्सपो (काडीच्या मधल्या भागातली हालचाल मऊ करणारं सेटिंग) तीस टक्के टाक एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि एलेव्हेटरला. हाय रेट एका स्विचवर असू दे पण पहिले काही दिवस त्या स्विचवर टेप लाव. दिशा तपास: उजवीकडे काडी, उजवं एलेरॉन वर. बायप्लेनला चार एलेरॉन असतील तर चारही बघ, वरच्या-खालच्याला जोडणाऱ्या दांड्या असतात त्या ढिल्या नाही ना. स्ट्रटचे स्क्रू, पंखाचे बोल्ट प्रत्येक वेळी हातानं हलवून बघायचे. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटार आपोआप बंद होणं, तपास प्रॉप काढून: ट्रान्समीटर बंद कर, मोटार थांबलीच पाहिजे. थांबली नाही तर उडवूच नको, आधी ते दुरुस्त कर. तू मोटारीवाला माणूस आहेस, वायरिंगचं तुला सांगायला नको, पण प्रॉप लावलेला असताना बॅटरी जोडली की विमान मागून धरायचं आणि थ्रॉटल कट (मोटार बंद ठेवणारा स्विच) चालू, एवढं सांगतोच.

उडवायच्या आधी नुसतं जमिनीवर फिरव. हे कोणी करत नाही आणि इथंच जास्त विमानं मोडतात. टेलड्रॅगर आहे, दोन चाकं पुढं आणि छोटं चाक शेपटीला, म्हणजे वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागं. सरळ चाललं तोवर ठीक, जरा वळलं की मागचं वजन पुढं यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात, खालच्या पंखाचं टोक घासतं. फिरवताना एलेव्हेटर ओढून ठेव म्हणजे शेपटीचं चाक जमिनीला दाबून राहील, रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) छोटे छोटे मार. हे सरळ रेषेत पन्नास-साठ मीटर जमायला लागलं की मगच पुढं.

टेकऑफला थ्रॉटल हळूहळू, तीन-चार सेकंद घेऊन. एकदम दिला की विमान डावीकडे ओढतं, मोटारीचा टॉर्क, प्रॉपचा वळसा घेणारा वारा शेपटीवर आदळतो, त्यामुळे उजवा रडर तयार ठेवायचा. शेपूट उचललं जाईपर्यंत एलेव्हेटर थोडा ओढलेला, मग सोडत जायचा. जमीन सोडली की खेचून चढवू नको, सपाट चढ. सुरक्षित उंचीवर जाऊन ट्रिम कर, म्हणजे काडी सोडली तरी सरळ जाईल असं बसव, थ्रॉटल अर्ध्याच्या वर. पहिल्या दिवशी एकही लूप नाही, एकही रोल नाही. उंचावर, शंभर मीटरच्या आसपास, थ्रॉटल कमी करत करत बघ कुठं स्टॉल होतं, कोणत्या बाजूला पडतं, सोडलं की किती उंची खाऊन सावरतं. ही माहिती तुला खाली लँडिंगला लागणार आहे. मग दोन-तीन वेळा लँडिंगसारखं खाली ये आणि डोक्याच्या उंचीवरून थ्रॉटल देऊन परत जा. तेवढ्यात टायमर वाजेल, मग खरं लँडिंग.

अजून एक, दोन पंखांमुळे लांबून विमान येतंय का जातंय ते कळत नाही, सकाळच्या धुक्यात तर अजिबात नाही. खालच्या पंखाच्या पोटावर काळे रुंद पट्टे चिकटव. आणि तुझ्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं तेव्हा एकच लक्षात ठेव, जो पंख खाली झुकला त्या बाजूला काडी न्यायची, पंख उचलला जातो.

काटोल_आरसी

एवढं कायले करता राजेहो, चांगला गायरो (विमान आपोआप सावरणारं यंत्र) लावा, सेल्फ लेव्हल चालू करा, हात सोडला का विमान सरळ होते. मी दोन विमानांवर लावला आहे, वाऱ्यात पण दगडासारखं स्थिर राहते.

बरडावरचा

गायरोला माझा विरोध नाही, वाऱ्यात मदत होते हे खरं आहे, पण सेल्फ लेव्हल चालू ठेवून बायप्लेन शिकला तर लँडिंगला काय होतं बघा: विमानाचा वेग मरून राहिला आणि गायरो मात्र नाक सपाट धरून ठेवतो, शेवटपर्यंत सगळं छान दिसतं आणि मग एकदम पंख पडतो. वेग गायरो देत नाही. लावायचाच असेल तर नुसता रेट मोडवर लावा, त्यात तो फक्त झटके दाबतो, विमान स्वतः सपाट करत नाही, आणि जमिनीवर विमान हातात धरून झुकवून बघा: उजवा पंख खाली केला तर उजवं एलेरॉन खालीच आलं पाहिजे, म्हणजे तो पंख वर उचलायला बघतंय. नाक खाली केलं तर एलेव्हेटर वर गेला पाहिजे. उलटं असेल तर टेकऑफ झाल्या झाल्या विमान गेलं, तुमच्या हातात काही राहत नाही.

बिरसी_हँगर

मी गोंदियाकडचा, नोकरी खऱ्या विमानांच्या देखभालीची. मॉडेलचं बरडावरच्या भाऊंनी सांगितलंच आहे. मला खऱ्या पिट्सबद्दल सांगावंसं वाटतं, कारण खरं पिट्स घेणारा माणूस ते कसं शिकतो हे बघितलं तर तुमच्या मॉडेलचं वेळापत्रक आपोआप ठरतं.

हे विमान अमेरिकेत कर्टिस पिट्स नावाच्या माणसानं बनवलं, पहिलं उड्डाण १९४४ चं. पंख आखूड ठेवून क्षेत्रफळ भरपूर मिळावं म्हणून दोन पंख, वर-खाली, मधे खांब आणि तारा, त्यामुळे पेटीसारखं मजबूत आणि रोल अतिशय जलद. १९७२ च्या जागतिक एरोबॅटिक स्पर्धेत अमेरिकेचा संघ याच विमानांवर जिंकला. पण उतरवायला अवघड म्हणून तेवढंच प्रसिद्ध. उतरताना लांब नाक आणि वरचा पंख समोरचं सगळं झाकतात, धावपट्टीच दिसत नाही, म्हणून पायलट सरळ न येता वळत वळत येतो, बाजूनं पट्टी बघत, आणि शेवटी टेकताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोन्ही कडा धरतो.

तिकडे शिस्त कशी आहे? टेलड्रॅगर विमान एकट्यानं उडवायचं तर प्रशिक्षकाकडून वेगळी नोंद लॉगबुकात लागते. एकसीटर पिट्स घेतलेला शहाणा माणूस आधी दोनसीटर एस-२ मध्ये प्रशिक्षकासोबत बसतो, आणि तिथं काय करतो तर लूप नाही, लँडिंग. नुसती लँडिंग, वारा आडवा असताना पण. त्यानंतर उंचावर स्पिन, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगर फिरत खाली येतं ते. स्पिनमधून बाहेर येण्याची पिट्सवाल्यांची एक आणीबाणीची पद्धत आहे: थ्रॉटल बंद, काडीवरून हात काढून घ्यायचा, ज्या बाजूला फिरतंय त्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण दाबायचा, फिरणं थांबलं की रडर मधे आणि हळूच वर काढायचं. काडी सोडणं यात महत्त्वाचं आहे, कारण घाबरलेला माणूस काडी पोटाशी ओढून धरतो आणि स्पिन तसाच राहतो. तुमच्या मॉडेलला पण हे लागू पडतं. फिरायला लागलं की थ्रॉटल शून्य, एलेरॉन आणि एलेव्हेटरची काडी मधे सोडा, उलट रडर. ओढू नका.

आणि उंची. अमेरिकेच्या नियमात एरोबॅटिक्स जमिनीपासून १५०० फुटांच्या खाली करता येत नाही. आपल्याकडे याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधी आणि सोबतचे कॅप्टन सुभाष सक्सेना गेले, ते विमान पिट्स एस-२ए होतं, आणि कसरत कमी उंचीवर चालली होती. विमान दणकट होतं, पण खाली सावरायला जागा उरली नाही की दणकटपणा कामाचा नाही. म्हणून तुमच्या १२० सेंमीच्या विमानाला पण पहिले लूप सत्तर-ऐंशी मीटरवर सुरू करा, खालून वर नाही. लूपच्या वरच्या टोकाला थ्रॉटल कमी, उतरताना हळू ओढा, जोरात ओढलं तर तिथंच स्टॉल होऊन फिरतं.

उन्हाचं पण एक गणित लक्षात ठेवा. जानेवारीत सकाळी १२ अंश आणि मे महिन्यात ४४ अंश, यात हवा जवळजवळ दहा टक्के विरळ होते. स्टॉलचा वेग साधारण पाच टक्क्यांनी वाढतो, प्रॉप कमी पकडतो, मोटार आणि ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा सर्किट) जास्त तापतात. म्हणजे जे लँडिंग तुम्ही थंडीत बसवलं तेच उन्हाळ्यात जरा जास्त वेगानं करायचं. शिकायला डिसेंबर-जानेवारीची सकाळ घ्या. मार्चनंतर दहा वाजल्यापासून बरडावर वावटळी उठतात, त्यात बायप्लेन नेऊ नका.

वरूडची_ताई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, पोरांसोबत ग्लायडर आणि लहान फोमची विमानं उडवतो. विमानाचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, मी माणसांचं आणि बॅटरीचं सांगते, कारण गावात विमान उडवायचं म्हणजे गर्दी येणारच आणि ती हाकलून जमत नाही.

भाऊ, पोरांना काम द्या. एकाला टायमर धरायला, एकाला वाऱ्यासाठी काठीला बांधलेली फीत बघायला, एकाला गुराख्याकडे लक्ष ठेवायला. बाकीच्यांना चुन्याची रेघ मारून रेघेच्या मागं बसवा, उभं नाही, बसवा. पायलट रेघेच्या पुढं, आणि विमान कायम पायलटच्या पुढच्या बाजूला, डोक्यावरून किंवा मागं कधीच नाही. पायलटच्या शेजारी एक मोठा माणूस हवा जो आकाशाकडे न बघता जमिनीकडे बघेल. पायलट विमानावरून नजर काढू शकत नाही, मग बरडावर म्हैस आली, मेंढरं आली, मोटारसायकल आली ते सांगणार कोण? त्यानं ओरडायचं, पायलटनं थ्रॉटल देऊन वर जायचं. उतरताना मोठ्यानं "लँडिंग" म्हणायचं ठरवून घ्या. विमान पडलं तर पोरं धावत सुटतात, ते आधीच सांगून ठेवा की कोणी जायचं नाही, कारण पडलेल्या विमानाचा प्रॉप परत फिरू शकतो आणि बोटं जातात. फक्त पायलट जाणार, ट्रान्समीटर हातात, थ्रॉटल कट करून.

तुमच्या वावरातली विहीर पण विसरू नका. वर बघत मागं मागं सरकणारा माणूस आणि कठडा नसलेली विहीर, हे एकत्र नकोच. बरडच बरं.

आता बॅटरी. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे घरात कापूस भरलेला असतो, अर्धी खोली कापसानं भरलेली आणि त्याच खोलीत बोर्डाला चार्जर लावलेला, असं मी किती तरी घरांत बघितलंय मोबाईलचं. विमानाच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं तसं करू नका. लिपो फुगली, टोचली गेली, जास्त चार्ज झाली तर पेट घेते आणि पाण्यानं चटकन विझत नाही. कापूस, कुटाराची गंजी, कडबा यांच्यापासून लांब, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत रेती टाकून त्यावर ठेवून चार्ज करा, जवळ रेतीची बादली, आणि चार्ज चालू असताना माणूस तिथंच पाहिजे, रात्री लावून झोपायचं नाही. करंट बॅटरीच्या क्षमतेएवढाच, म्हणजे ३३०० एमएएचला ३.३ अँपिअर. ४एस पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट. दोन-चार दिवस उडवणार नसाल तर १५.२ वर आणून ठेवा, भरलेली ठेवली की फुगते, त्यात आपला मे महिना. टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नका. विमान पण ठेवू नका, बाल्सावरची फिल्म तापून सैल होते, सुरकुत्या पडतात, मग इस्त्री फिरवत बसावं लागतं. विमान पडल्यावर बॅटरी बाहेर काढून अर्धा तास मोकळ्या जमिनीवर ठेवा, लगेच डिकीत टाकू नका.

परवानगीचं पण थोडं. ड्रोन नियम २०२१ आपल्या विमानांना लागू आहेत. तुमचं विमान दोन किलोच्या आत आहे आणि व्यवसायासाठी नाही, त्यामुळे रिमोट पायलट लायसन्स लागत नाही. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, यलो आणि रेड झोनमध्ये परवानगीशिवाय नाही. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं बरड कोणत्या रंगात येतं ते बघा, नोंदणीचे नियम पण वाचून घ्या. वर्धा जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, त्या बाजूला विमान घेऊन जाऊच नका. आमच्या अमरावतीला बेलोऱ्यावरून २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली, त्यामुळे तिकडच्या पोरांनी जुन्या माहितीवर विसंबू नये. आणि आपल्या पोलीस पाटलांना एकदा विमान नेऊन दाखवा, हातात घेऊ द्या. नंतर कोणी फोन केला तर तेच सांगतील काय आहे ते.

आर्वीचा_वावरवाला

ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. एवढं मनापासून कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. रात्री सिमवर बसलो, थ्रॉटल चतुर्थांशावर धरून आणलं त नाक टाकणं खरंच बंद झालं, फक्त आता लांब जाते, बरडाच्या टोकापर्यंत घसरत जाईन असं वाटते. चार्जर कापसाच्या खोलीतून दुकानात आणला आज, तिथं फरशी आहे. पोलीस पाटील आमचे काकाच आहेत, त्यांचं काम झालं. नकाशा पण पाहिला, बरड हिरव्यात येते.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, लांब जाते त्याले काय करू? दोन, चाकांवर ते फायबरचे बूट आहेत, दिसाले लय भारी दिसतात, पण मुरमावर चालतीन का?

बरडावरचा

लांब जातं कारण तू उंच येतोस. शेवटचं वळण ट्रेनरपेक्षा जवळ आणि खाली घे, नाक थोडं खाली ठेवून ये, कोन जास्त झाला तर थ्रॉटल दोन खटके कमी, कमी पडला तर दोन खटके जास्त. बंद नाही. बायप्लेनचं हेच चांगलं आहे, एवढी हवा अडवतं की तिरपं आणलं तरी वेग वाढत नाही, फ्लॅपची गरज पडत नाही. बरडावर चुन्यानं एक आडवी रेघ मार, सुरुवातीच्या टोकापासून पाव अंतरावर, आणि त्या रेघेवर टेकायचं असं धरून सराव कर. रेघेच्या बरंच पुढं गेलं आणि चाकं अजून वरच असली तर टेकवायचा हट्ट नको, थ्रॉटल, सरळ वर, परत फेरी. आणि बॅटरी एवढी शिल्लक ठेव की दोन फेऱ्या जास्तीच्या मारता येतील, पहिल्यांदा टायमर चार मिनिटांचाच लाव, उतरल्यावर प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघ, ३.७ च्या खाली नको. मग हळूहळू वाढव.

बिरसी_हँगर

बूट काढून ठेवा. मुरमाचे खडे आणि कुसळं बुटात अडकतात, चाक जाम होतं आणि विमान नाकावर जातं. खऱ्या विमानांचे पण गवताच्या पट्टीवर काढतात. स्क्रू हरवू नका, पिशवीत घालून ठेवा. त्याऐवजी एक नंबर मोठी हलकी फोमची चाकं बसवा, एक्सलचा व्यास मोजून घ्या आणि चाक फिरताना पंखाला किंवा लँडिंग गिअरच्या पट्टीला घासत नाही ना ते बघा. चाकं बदलल्यावर सीजी परत तपासा, वजन थोडंच बदलतं पण तपासा. लँडिंग गिअरची अॅल्युमिनियमची पट्टी जिथं फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) बसते तिथला प्लाय आतून बघून घ्या, तयार किटमध्ये तिथं गोंद कमी असतो बऱ्याचदा, थोडं इपॉक्सी आणि फायबरची पट्टी लावली तर पुढचं नुकसान वाचतं.

आर्वीचा_वावरवाला

आत्ताच बॅटरीचं झाकण उघडून टॉर्च मारून पाहिलं. डाव्या बाजूच्या प्लायले गोंदाची रेघच नाही, नुसतं टेकवलेलं आहे. उद्या इपॉक्सी आणतो. वाळाले दोन दिवस ठेवतो, मंगच बरडावर नुसतं फिरवाले नेतो.